विश्लेषण : डोके दुखले की थेट एमआरआय? ब्रेन ट्यूमरच्या निदानात टॉर्च, हातोडी आणि टाचणीचे काम अजून का संपलेले नाही?

दरवर्षी ८ जूनला जागतिक ब्रेन ट्यूमर दिन पाळला जातो. जर्मनीतील एका रुग्णसंस्थेने २००० मध्ये त्याची सुरुवात केली. हा दिवस जवळ आला की मोबाइलवर ‘ही लक्षणे दिसली तर सावध’ छापाच्या याद्या फिरू लागतात आणि त्यात पहिला क्रमांक हमखास डोकेदुखीचा असतो. मग एकीकडे साध्या अर्धशिशीचे रुग्ण धास्तावून स्वतःच एमआरआयची चौकशी करू लागतात. दुसरीकडे रोज सकाळी उलटी करणाऱ्या आणि हल्ली चालताना भिंतीचा आधार घेणाऱ्या मुलाला मात्र महिनाभर पित्ताचे औषध दिले जाते. या दोन्ही चुका टाळणारी गोष्ट महागडी नाही. डॉक्टरांनी रुग्णाला समोर बसवून, उभे करून, चालायला लावून दहा-पंधरा मिनिटे केलेली ती तपासणी आहे. व्हिडीओ कॉलवरचा सल्ला आणि एका चिठ्ठीवर होणारे स्कॅन यांच्या काळात ती मागे पडत चालली आहे. त्या तपासणीत नेमके काय शोधतात आणि तिच्या मर्यादा काय, याचा हा आढावा.

डोकेदुखी म्हणजे गाठ, हे समीकरण कितपत खरे?

फारसे नाही. ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांकडील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या प्रौढांपैकी सुमारे ०.०९ टक्के, म्हणजे हजारात जेमतेम एकाला पुढे मेंदूची गाठ निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच फिट आलेल्यांमध्ये हे प्रमाण १.२ टक्के होते. म्हणजे शंभरात एकापेक्षा किंचित जास्त. लक्षण बदलले आणि जोखीम दहापटींहून अधिक वाढली.

‘पहाटे उठवणारी, उलटी झाली की उतरणारी डोकेदुखी’ हे वर्णन पाठ्यपुस्तकांतून समाजमाध्यमांत आले आहे. तेही बेताने घ्यावे असे आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये गाठ असलेल्या १११ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातील ४८ टक्क्यांना डोकेदुखी होती. पण हे ‘नमुनेदार’ वर्णन लागू पडणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बहुतेकांचे दुखणे ताणतणावाच्या साध्या डोकेदुखीसारखेच होते. दुखण्याच्या तऱ्हेवरून निदान होत नाही, ते यासाठी. म्हणून अनुभवी डॉक्टर वेगळा प्रश्न विचारतात : डोकेदुखीबरोबर आणखी काय बदलले आहे? आणि त्याचे उत्तर रुग्णाच्या तोंडून जेवढे मिळते, त्याहून जास्त त्याच्या शरीराकडून मिळते.

मग तपासणीत पाहतात काय?

मेंदूतील गाठ दोन प्रकारे त्रास देते. कवटी हा बंद डबा आहे. त्यात गाठ, तिच्याभोवतीची सूज किंवा अडलेले पाणी यांची भर पडली की आतला दाब वाढतो. डोकेदुखी, उलट्या, गुंगी, डोळ्यांतील बदल ही या दाबाची लक्षणे. दुसरा प्रकार स्थानिक. गाठ ज्या भागात आहे त्या भागाचे काम बिघडते. हात चालवणाऱ्या भागात असेल तर हात, बोलण्याच्या भागात असेल तर बोलणे. तपासणीचा सारा खटाटोप या दोन प्रकारच्या खुणा शोधण्यासाठी असतो.

ती सुरू होते रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच. पाय फेंगडे टाकतो का, एका बाजूला झुकतो का, वळताना तोल जातो का? भारतीय डॉक्टरांचा एक खास प्रश्न आहे, जो परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही : ‘चालताना पायातली चप्पल निसटते का? आणि निसटली की कळते का?’ निसटते आणि कळते, तर पाऊल उचलून धरणारे स्नायू अशक्त आहेत. निसटते पण कळतच नाही, चार पावले पुढे गेल्यावर ध्यानात येते, तर पायाची संवेदना गेली आहे. मोजे-बूट घालणाऱ्या देशात ही चाचणी जमली नसती. सदऱ्याचे बटण लावायला वेळ लागतो का, भाताचा घास बोटांतून सांडतो का, कंगवा डोक्यापर्यंत नेताना हात गळतो का, हे प्रश्न त्याच पठडीतले.

मग हातांची परीक्षा. रुग्णाने डोळे मिटून, तळवे आभाळाकडे करून दोन्ही हात समोर धरायचे. मेंदूच्या एका बाजूला गाठ असेल तर विरुद्ध बाजूचा हात काही सेकंदांत हळूच आत वळू लागतो आणि खाली घसरतो. रुग्णाला स्वतःला अशक्तपणा जाणवतही नसतो; ‘ताकद तर आहे की’ असे तो सांगत असतो आणि हात मात्र उतरत असतो. जोर लावून पंजा लढवण्यापेक्षा ही साधी चाचणी किरकोळ अशक्तपणा अधिक लवकर पकडते.

तळपायाच्या बाहेरच्या कडेने बोथट वस्तू ओढली की निरोगी प्रौढाची बोटे खाली दुमडतात. मेंदूकडून येणाऱ्या मुख्य मार्गाला इजा झाली असेल तर अंगठा वर उचलला जातो. जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये हे लिहून ठेवले. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षे झाली, त्या खुणेला पर्याय सापडलेला नाही. (तान्ह्या बाळाचा अंगठा वर जाणे मात्र स्वाभाविक आहे. इंटरनेटवर वाचून बाळाच्या तळपायाला गुदगुल्या करून घाबरू नये.)

तोंड वाकडे झाले असेल तर डॉक्टर भुवया वर करायला सांगतात. कपाळाला आठ्या पडतात आणि फक्त ओठाचा कोपरा ओघळलेला आहे, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता जास्त. कपाळासकट अर्धा चेहरा थिजला असेल तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली असते, जो बहुतांशी बरा होणारा आजार आहे. एका आठीवरून पुढच्या तपासण्यांची दिशा बदलू शकते.

मान, बोलणे, स्मरण, वास, ऐकू येणे, गिळणे हेही ओघाने येते. शंभरातून सात वजा करत जा, असे सांगितले की ९३, ८६ इथपर्यंत पोहोचून काही जण हरवतात. घड्याळ दाखवले तर ‘वेळ बघायचे ते’ असे सांगतात, पण ‘घड्याळ’ हा शब्द ओठांवर येत नाही. डोळे मिटून तळहातावर ठेवलेले नाणे एक रुपयाचे की किल्ली, हे ओळखता येत नाही. स्पर्श कळतो, वस्तू कळत नाही.

डोळ्यांत एवढे काय दिसते?

शरीरातली एखादी नस प्रत्यक्ष डोळ्यांनी बघता येईल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे बुबुळातून आत डोकावले की दिसणारे दृष्टिमज्जेचे टोक. ही नस मेंदूच्याच आवरणांत गुंडाळलेली असते. कवटीतला दाब वाढला की तो या आवरणांतून पुढे सरकतो आणि नसेचे टोक सुजते. त्याच्या रेखीव कडा पुसट होतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगासमोर आणले आणि त्यानंतर दशकभरातच, १८६० मध्ये, फॉन ग्राफे यांनी ही सूज आणि मेंदूतील गाठ यांचा संबंध दाखवला. या खुणेला पॅपिलीडिमा म्हणतात.

या सुजेची फसवी बाब अशी, की सुरुवातीला नजर चांगली असते. चष्म्याच्या दुकानातला तक्ता रुग्ण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. फार तर वाकून उठल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यामुळे चष्म्याचा नंबर दोन-तीनदा बदलला, डोके दुखायचे ते दुखतेच आहे, तरी डोळ्याच्या आत कोणी पाहिलेलेच नाही, अशी साखळी तयार होते. नंबर काढणे आणि पडदा तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी ग्राहकाला ठाऊक असायला हवे.

अर्थात आत पाहण्याची सवय डॉक्टरांमध्येही कमी होत चालली आहे. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या तातडीच्या विभागात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोकेदुखी, दृष्टीची तक्रार अशा कारणांनी आलेल्या ३५० रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्याची छायाचित्रे काढण्यात आली. त्यातील ४४ जणांच्या पडद्यावर उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचे दोष होते. तेथील डॉक्टरांनी उपकरण हातात घेऊन डोळ्यात पाहिले होते ते मात्र फक्त ४८ जणांच्या. अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयात ही गत, तर तालुक्याच्या दवाखान्यातल्या गर्दीत काय होत असेल याची कल्पना करता येते. छायाचित्र काढणारे छोटे कॅमेरे आणि मोबाइलला जोडायची साधने आता मिळतात. ही कसर त्यांनी भरून निघू शकते. पण ते वापरायचे हे आधी कोणाला तरी सुचावे लागते.

सुजलेली नस पाहण्याचे आणखी एक कारण आहे. तीव्र डोकेदुखीत मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतून पाणी काढण्याची वेळ येते. आत मोठी गाठ असताना खालून पाणी काढले तर दाबातील फरकामुळे मेंदू खाली सरकून प्राण जाऊ शकतो. म्हणून आधी डोळे पाहायचे आणि शंका असेल तर आधी स्कॅन करायचे, मगच सुई.

नजरेचे क्षेत्र ही दुसरी मोठी खूण. डॉक्टर रुग्णासमोर बसतात, एक डोळा झाकायला लावतात आणि बाजूने बोटे हलवत आत आणतात. पीयूषिका ग्रंथीची गाठ वर वाढली की दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाब येतो आणि दोन्ही बाहेरच्या बाजूंचे दिसणे कमी होते, टांग्याच्या घोड्याला झापडे लावावीत तसे. याच ग्रंथीच्या एका प्रकारच्या गाठीत बोटातली अंगठी घट्ट होत जाते, चपलेचे माप वाढते, चेहरा रुंदावतो. हा बदल इतका संथ असतो, की घरच्यांना कळत नाही. बऱ्याच वर्षांनी भेटलेला पाहुणा मात्र दचकतो. मेंदूच्या मागच्या भागातील गाठीत दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते. असा रुग्ण दाराच्या चौकटीला एकाच खांद्याने धडकतो, दुचाकी एकाच बाजूला घासतो.

एक गोष्ट वस्तू दोन दिसण्याविषयी. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस लांबलचक वाटेने जाते आणि दाब कुठेही वाढला तरी ती ताणली जाते. त्यामुळे डोळा आत वळलेला दिसला म्हणून गाठ त्या नसेजवळच आहे असे ठरत नाही. जागेबाबत दिशाभूल करणारी ही खूण आहे, हे डॉक्टरांना शिकवावे लागते. एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन टॉर्चच्या उजेडाला दाद देईनाशी झाली आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर ती आणीबाणी. त्याच सुमारास रक्तदाब चढतो आणि नाडी मंद होते. हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्णन केलेली ही जोडी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

नुसत्या तपासणीवरून गाठीची जागा सांगता येते?

सांगता येते, आणि ती सांगून शस्त्रक्रियाही झाली आहे. २५ नोव्हेंबर १८८४, लंडनमधील रिजंट्स पार्कचे रुग्णालय. एक्स-रेचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. २५ वर्षांच्या एका स्कॉटिश शेतकऱ्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला आचके येत, मग ते डाव्या हातात उतरत. पुढे तो हात लुळा पडू लागला. डोकेदुखी आणि उलट्या होत्याच. डोळ्यांत पाहिले तर दोन्हीकडे नसा सुजलेल्या. डॉ. अलेक्झांडर ह्यूज बेनेट यांनी हिशेब मांडला : आचके आणि अशक्तपणा डावीकडे, म्हणजे गाठ मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, चेहरा आणि हात यांपासून सुरुवात, म्हणजे हालचालींच्या पट्ट्यातील त्या भागात, डोळ्यांची सूज, म्हणजे जागा व्यापणारे काहीतरी आहेच. शल्यचिकित्सक रिकमन गॉडली यांनी कवटी तिथेच उघडली. पृष्ठभागाच्या थोडे खाली अक्रोडाएवढी गाठ होती. आचके थांबले. पण जंतुसंसर्ग झाला आणि २८व्या दिवशी रुग्ण दगावला. निदान अचूक होते. त्या काळाच्या शस्त्रक्रियेला ते पेलले नाही.

त्यानंतर जवळपास ८७ वर्षे जगभरातील मेंदूतज्ज्ञ मुख्यतः याच हिशेबावर चालत होते. मदतीला मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून किंवा रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेले एक्स-रे असत, तेही रुग्णाला भरपूर त्रास देऊन. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीतले अभियंते होते. पडद्यावर रुग्ण महिलेच्या मेंदूच्या पुढच्या भागातील गाठ दिसली. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि बेनेट यांच्या हिशेबाची गरज संपली असे अनेकांना वाटू लागले.

जागा शोधण्यापुरती ती खरेच संपली. स्कॅनशी त्या बाबतीत स्पर्धा नाही. मात्र मेंदूचा नकाशा तपासणीत अजूनही तसाच उमटतो. उजव्या बाजूला वरच्या-मागच्या भागात गाठ असेल तर रुग्ण जगाची डावी बाजूच विसरतो. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहते, दाढी अर्धीच होते. डाव्या बाजूच्या त्याच भागात बोटांची नावे, डावे-उजवे, हिशेब आणि लिहिणे एकदम बिघडते. लहान मेंदूत असेल तर नाकावर बोट नेताना ते हेलकावे खाते, एका ओळीत पावले टाकता येत नाहीत. ऐकण्याच्या नसेवरील गाठीत फोन एकाच कानाला लावायची सवय लागते. सगळ्यात चकवा देतो तो कपाळामागचा भाग. तिथल्या गाठीत हातपाय उत्तम चालतात आणि माणूस बदलतो. टापटीप असलेला अजागळ होतो, मितभाषी माणूस चारचौघांत नको ते बोलू लागतो, कामातले लक्ष उडते. घरचे त्याला आळस, व्यसन किंवा नैराश्य समजतात. अशा रुग्णाची वास घेण्याची शक्ती तपासावी लागते, लवंग किंवा कॉफी एकेका नाकपुडीजवळ धरून. रोजच्या दवाखान्यात ही तपासणी जवळजवळ कोणी करत नाही.

लहान मुलांमध्ये वेगळे काय?

मूल सांगू शकत नाही, हे पहिले. दुसरे म्हणजे तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, त्यामुळे दाब वाढला की डोके मोठे होते आणि दाबाची इतर लक्षणे उशिरा येतात. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त २००७ मध्ये ७४ संशोधनांचा आणि ४,१७१ मुलांचा एकत्रित आढावा आला होता. मेंदूत गाठ असलेल्या मुलांमध्ये डोकेदुखी ३३ टक्के, मळमळ-उलट्या ३२ टक्के आणि चालण्याचा किंवा तोलाचा बिघाड २७ टक्के. चार वर्षांखालील मुलांत मात्र यादीत सर्वांत वर होते डोक्याचा वाढलेला घेर, ४१ टक्के. त्याखाली उलट्या, चिडचिड आणि मरगळ. डोकेदुखीची वाट पाहत बसलो तर या वयाची मुले हातची सुटतात.

घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. जन्मावेळी तो साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो, वर्षभरात ४५-४६ च्या आसपास जातो. एका मोजमापाला अर्थ नाही. दर काही महिन्यांनी मोजून तक्त्यावरची रेघ वर उसळते का, हे पाहायचे असते. टाळू फुगलेली आणि ताठ लागणे, डोळ्यांची बुबुळे खाली झुकून वर पांढरे दिसत राहणे, मान कायम एका बाजूला कलती ठेवणे या खुणा आईला किंवा आजीला आधी दिसतात. कलत्या मानेला बऱ्याचदा ‘झोपेत अवघडली’ म्हणून तेल चोळले जाते. आठवड्याभरात ती सरळ झाली नाही तर तेलाचा विषय संपवून डॉक्टर गाठावा.

लवकर ओळखता येते याचा पुरावा आहे का? ब्रिटनमध्ये आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने तिथे २०११ मध्ये ‘हेडस्मार्ट’ मोहीम सुरू झाली. वयोगटानुसार लक्षणांची छोटी कार्डे पालकांच्या आणि डॉक्टरांच्या हाती देण्यात आली. मोहिमेपूर्वी पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा मध्यांक १४.४ आठवडे होता, तो काही वर्षांत ६.७ आठवड्यांवर आला. नवे यंत्र घेतले नव्हते. काय पाहायचे ते सांगितले होते. ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलाच्या तोलात किंवा मज्जासंस्थेच्या कामात नव्याने दोष दिसला तर ४८ तासांत तज्ज्ञाची भेट मिळाली पाहिजे.

आपल्याकडे शाळा आणि अंगणवाड्यांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्याची पथके दृष्टिदोष, फिट्स, हालचालींतील दोष यांची पाहणी करतात. गाठ शोधणे हे त्यांचे काम नाही. पण नव्याने तिरळा झालेला डोळा आणि नव्याने बिघडलेली चाल पुढे पाठवायची, एवढी भर त्याच पाहणीत घालता येण्यासारखी आहे.

तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणजे सुटलो?

नाही, आणि इथे जॉर्ज गर्शविन या अमेरिकी संगीतकाराचे उदाहरण डॉक्टर आजही देतात. फेब्रुवारी १९३७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वाजवता वाजवता त्यांची क्षणभर शुद्ध हरपल्यासारखे झाले आणि रबर जळल्याचा वास आला. असा वास पुन्हा पुन्हा येऊ लागला, डोकेदुखी वाढली. जूनमध्ये त्यांना रुग्णालयात दाखल केले गेले. तपासणीत फारसे काही सापडले नाही. निष्कर्ष निघाला, बहुधा उन्माद, म्हणजे मानसिक. ९ जुलैला ते कोमात गेले. आता डोळ्यांतल्या नसा सुजलेल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, कानामागच्या भागात खोलवर गाठ सापडली आणि ११ जुलैला वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. नसलेला वास येणे ही त्या भागातून उठणारी छोटी फिट असते. हातोडी-टॉर्चला ती सापडत नाही. रुग्णाचे म्हणणे नीट ऐकले तरच सापडते.

डोळ्यांची सूज यायला वेळ लागतो, वृद्धांमध्ये ती अनेकदा येतच नाही, संथ वाढणारी गाठ मेंदूला सवय लावत मोठी होते. म्हणून एकदा निर्दोष आलेली तपासणी हा कायमचा दाखला नव्हे. तक्रार टिकून राहिली किंवा वाढली तर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचे आणि प्रौढाला पहिल्यांदाच फिट आली असेल तर तपासणी कशीही येवो, स्कॅन करायचेच.

मग सरसकट सर्वांचेच स्कॅन का करू नये?

नेदरलँड्समधील रॉटरडॅममध्ये कसलीही तक्रार नसलेल्या २,००० लोकांचे एमआरआय करून पाहिले गेले. सरासरी वय ६३. त्यांपैकी १.६ टक्के लोकांमध्ये साध्या गाठी निघाल्या, १.८ टक्क्यांमध्ये रक्तवाहिनीला फुगा, ७.२ टक्क्यांमध्ये पूर्वी कधी तरी होऊन गेलेल्या छोट्या पक्षाघाताच्या खुणा. यांतील पुष्कळांना जन्मभर काही झाले नसते. पण अहवाल हातात आल्यावर ‘गाठ आहे, पण काही करायचे नाही’ या वाक्यावर शांत झोपणारा माणूस विरळा. अहवालातील प्रत्येक ओळ आणि रुग्णाची तक्रार यांचा संबंध आहे की नाही, हे पुन्हा तपासणीच ठरवते.

भारतात आणखी एक गुंता आहे. फिट आली, स्कॅन केले आणि मेंदूत चकचकीत कडेचा ठिपका दिसला तर तो ट्यूमरच असतो असे नाही. डुकरांतल्या फीतकृमीची अंडी अस्वच्छ अन्नपाण्यातून पोटात गेल्याने होणारी मेंदूतील पुटी आणि क्षयाची गाठ ही दोन्ही आपल्याकडे वारंवार दिसणारी कारणे आहेत आणि दोन्ही औषधांनी बरी होऊ शकतात. अशा वेळी मानेतल्या लसीकाग्रंथी चाचपणे, वजन, ताप, छाती तपासणे, त्वचेखाली छोट्या गाठी लागतात का पाहणे, यांतून उत्तराचा धागा मिळतो. शिवाय मेंदूतील गाठ फुप्फुस किंवा स्तनाच्या कर्करोगातून आलेली असू शकते. म्हणूनच मेंदूतज्ज्ञ पोट आणि छातीही तपासतो, तेव्हा ‘डोक्याच्या डॉक्टरला याचे काय’ असे वाटून घेऊ नये.

व्हिडीओ कॉलवर हे होऊ शकते का?

काही प्रमाणात. चेहरा, बोलणे, डोळ्यांची हालचाल, समोर धरलेले हात, खोलीतल्या खोलीत चालणे कॅमेऱ्यात दिसते. दृष्टिमज्जा, संवेदना, प्रतिक्षेप दिसत नाहीत. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदीच्या तोंडावर आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांत याची दखल आहे. जिथे निर्णयासाठी शारीरिक तपासणी गरजेची आहे तिथे ती प्रत्यक्ष भेटीत होईपर्यंत डॉक्टरांनी दूरस्थ सल्ला पुढे रेटू नये, असे त्यात म्हटले आहे. नियम चांगला आहे. पण तो पाळला गेला की नाही हे रुग्णाला कळण्याचा मार्ग नाही, कारण काय तपासायला हवे होते हेच त्याला माहीत नसते. गडचिरोलीतून नागपूरला किंवा तळकोकणातून मुंबईला जाण्याचा खर्च वाचवणारा व्हिडीओ कॉल टाकाऊ नाही. मात्र नव्या डोकेदुखीबरोबर उलट्या, दोन-दोन दिसणे, तोल जाणे किंवा वागण्यातला बदल असेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन आधी डोळ्याच्या आत पाहून घ्यावे आणि मग तो कॉल लावावा.

निदान झाल्यावर तपासणीचे काम संपते?

उलट तेव्हा ती हिशेबाची वही होते. गाठीभोवतीची सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड दिले की लुळा हात एक-दोन दिवसांत उचलला जातो, बंद झालेली वाचा परत येते. नातेवाइकांना गाठ विरघळली असे वाटते आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार सुरू होतो. विरघळते ती सूज. गाठ जागेवर असते. हा सुधार शल्यचिकित्सकालाही एक माहिती देतो : जे परत आले ते दबलेले होते, जे आले नाही ते कदाचित कायमचे गेले आहे.

औषधांच्या चाचण्यांमध्येही हीच वही वापरतात. स्कॅनवरचा डाग वाढला, पण तो ट्यूमर की किरणोपचाराचा परिणाम हे ठरवणे अवघड जाते. म्हणून २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नऊ गोष्टींची मोजपट्टी प्रसिद्ध केली : चाल, ताकद, तोल, संवेदना, नजरेचे क्षेत्र, चेहरा, भाषा, शुद्ध आणि वागणूक. प्रत्येक भेटीत डॉक्टरने त्या तपासून गुण द्यायचे. त्यासाठी लागणारा वेळ काही मिनिटांचा आहे आणि साहित्य जवळजवळ तेच, जे बेनेट यांच्याकडे १८८४ मध्ये होते.